अपडेट ७: द्राक्षाच्या काड्यांचा हार्ड कार्बन पन्नाशीतून सुटला!

मंडळी, पहिल्या सायकलची एफिशियन्सी (आत गेलेल्या सोडियमपैकी किती परत मिळतं ते) एकदाची ७४ टक्के आली! शनिवारी रात्री टेस्टरवर आकडा दिसला आणि झोपच उडाली.

मागचं माहितीय तुम्हाला, दिंडोरीला मामांच्या द्राक्षबागेतल्या गोडी छाटणीच्या काड्या जाळून हार्ड कार्बन (ग्रॅफाइटसारखे नीट थर नसलेला कार्बन) आणि त्याचा सोडियम-आयन बॅटरीसाठी अॅनोड (ऋण इलेक्ट्रोड) करतोय आणि प्रत्येक सेल पहिल्याच सायकलला निम्मं सोडियम खाऊन बसतो, परत देतच नाही. मफल भट्टीचा रॅम्प (तापमान वाढायचा वेग) मिनिटाला १० अंशांवरून २ वर आणला, इलेक्ट्रोड रात्रभर १२० वर व्हॅक्युममध्ये सुकवले, सीएमसी (कार्बन फॉइलला चिकटवणारा बाइंडर) बदलून बघितलं, सगळं करून फरक काय तर चार-पाच टक्के. तीन महिने यातच गेले.

मग परवा पोतं भरताना मामा म्हणाले, "हात धू रे नीट, पावसाळाभर बोर्डो मारलाय त्यावर." तिथेच ट्यूब पेटली. बोर्डो हे बुरशीनाशक म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना! घरी येऊन न जाळलेल्या काड्या पातळ एचसीएलमध्ये (हायड्रोक्लोरिक अॅसिड) रात्रभर ठेवल्या, सकाळी पाणी जरासं हिरवट, त्यात अमोनिया थेंबथेंब टाकत गेलो तर आधी गढूळ झालं आणि मग एकदम शाईसारखं गडद निळं. तांबं! ती परीक्षानळी अजून खिडकीत ठेवलीय. अशा अॅसिडने धुतलेल्या काड्या जाळून केला तोच हा ७४ वाला सेल.

तांबं म्हणजे नुसतं मेलेलं वजन, पण माझ्या मते खरा त्रास चुन्याचा आणि काडीतल्या पोटॅशियमचा. भट्टीत हे कार्बनच कुरतडतात, बारीक भोकं पडतात, इलेक्ट्रोलाइट आत शिरतं आणि तेवढ्या सगळ्या पृष्ठभागावर एसईआय (इलेक्ट्रोलाइट विघटून बसणारा पातळ थर) बसतो, त्यात सोडियम कायमचं अडकतं. २००० साली स्टीव्हन्स आणि डाहन या संशोधकांनी ग्लुकोजच्या कार्बनमधून ३०० एमएएच प्रति ग्रॅमच्या (एका ग्रॅममध्ये मावणारा चार्ज) आसपास काढले होते, आणि ग्लुकोजमध्ये राख जवळजवळ नसतेच, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. माझे सध्या २३८, मफल ११०० च्या वर जात नाही त्यामुळे इतक्यात फार वाढणार नाहीत, पण मी खूश आहे.

नवीन लोक ग्रॅफाइट का नाही विचारतात, तर लिथियममध्ये त्याची थिअरीतली क्षमता ३७२ ची, पण सोडियम नेहमीच्या कार्बोनेट इलेक्ट्रोलाइटमध्ये त्याच्या थरांत जवळपास शिरतच नाही. सोडियमचा फायदा म्हणजे अॅनोडलाही अॅल्युमिनियम फॉइल चालते, सोडियमशी तिचा अलॉय होत नाही. फक्त ऑनलाइन घेतलेली फॉइल आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसूनच वापरा, माझ्या रोलवर तेल होतं आणि अख्खं कोटिंग पापडासारखं सुटून आलं.

पुढे अॅसिडची तीव्रता बदलून बघणार होतो, पण लिहिता लिहिता वेगळंच सुचलं. सातपूरला मावशीच्या अंगणात मांडवावर द्राक्षाचा वेल आहे, त्यावर आजवर एकही फवारणी नाही. त्याच्या काड्या न धुता जाळल्या आणि तरी पन्नासच आले तर दोष बोर्डोचा नाही, काडीच्याच पोटॅशियमचा. सत्तर आले तर दोष सालीवर बसलेल्या बोर्डोचा, मग मामांच्या काड्यांची साल आधी सोलून टाकायची, अॅसिडही कमी लागेल. म्हणजे अॅसिडचे प्रयोग नंतर, रविवारी सकाळी कात्री घेऊन सातपूर.