का वरडतोयस

रात्रीचे पावणेदोन. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा बारीक सूंऽऽ आवाज डाव्या कानात चालू आहे. पण झोप येत नाही ती त्याच्यामुळे नाही. आईशी खोटं बोललो.

खोटंही किती फालतू. जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरला पाथ ट्रेनमधून वर आलो तर तिचे तीन मिस्ड कॉल. तिकडे सकाळचे पावणेदहा. फोन लावला, तिनं कुठं होतास विचारलं आणि तोंडातून निघालं, "ऑफिसात." सेहेचाळीस वर्षांचा बाप्या मी. दारू पिऊन आलो नव्हतो, कुणाचं काही उचललं नव्हतं. ब्रुकलिनला लाइटनिंग बोल्ट हा बँड ऐकायला गेलो होतो. तिकिटं दोन काढली होती, गेलो एकटाच. ते जाऊ दे.

दोघंच जण असतात. ब्रायन चिपेनडेल ड्रम्सवर, ब्रायन गिब्सन बेसवर. मूळचे प्रॉव्हिडन्सचे, १९९४ पासून वाजवतायत. पूर्वी स्टेजवर चढायचेच नाहीत, खाली लोकांच्या घोळक्यातच सामान मांडायचे. आज वर होते, बरं झालं, माझ्या गुडघ्यांना ती रेटारेटी झेपली नसती. चिपेनडेल चिंध्या शिवून केल्यासारखा मुखवटा घालतो, माइक त्याच्या आतच, त्यामुळे गातोय काय हे कळायची सोयच नाही. गिब्सनचा बेस चेलोसारखा लावलेला, सगळ्यात वरच्या स्वराला चक्क बँजोची तार. हे सगळं मला पाठ आहे. आणि आईला सांगताना ऑफिस.

शेजारच्या उंच पोरीनं न बोलता कानात घालायची नारिंगी फोमची दोन बुचं माझ्या हातावर ठेवली. मला बघून ठेवली असणार, केसांकडे बघून. थँक्यू म्हटलं आणि खिशात टाकली.

पाचव्या मिनिटाला छातीचं हाड थरथरायला लागलं आणि मग एकदम सगळं ओळखीचं झालं. खालचे चार माग. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं, आणि वर गोधडीत मी. आजूबाजूची पोरं एकमेकांच्या अंगावर आदळत होती आणि मला उभ्या उभ्या पेंग येत होती. देवाशप्पथ, पेंग. दोन गाण्यांच्या मध्ये आवाज तुटला तेव्हा दचकून जागा झालो. इचलकरंजीत रात्री लाईट गेली की अख्खं घर असंच जागं व्हायचं.

गेल्या वर्षी आईच्या कानाच्या मशीनसाठी मिरजेला गेलो होतो. डॉक्टरांच्या भिंतीवर तक्ता होता. कानाला आवाज किती वेळ चालतो त्याचा: ८५ डेसिबलला आठ तास, पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं. तिथं उभ्या उभ्या तिच्या वर्षांचा हिशेब मांडायला घेतला होता आणि अर्ध्यावर सोडला होता. आज आत पाऊण तास तरी होतो. खिशात बुचं घेऊन.

तर खोटं का बोललो? पैशाचं म्हणाल तर ती विचारतसुद्धा नाही. कांड्या भरता भरता तिच्या कानांचं जे वाटोळं झालं, तोच आवाज मी तिकीट काढून ऐकतो, याची लाज? हे वाक्य छान दिसतंय, म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास नाही. बहुतेक साधीच गोष्ट आहे. तिनं विचारलं असतं, कसला रे आवाज? मी म्हटलं असतं, मागासारखा. मग माग विकले तो दिवस निघाला असता, मग आण्णा. रात्री सव्वाबाराला रस्त्यावर उभं राहून आण्णा नको होते मला.

किंवा असंही असेल की सवय आहे. शाळेपासून विचारलं की आधी खोटंच सांगतो, मग खरं आठवतो.

आणि फोनवर काय तमाशा! इतकी वर्षं मी घसा ताणून बोलायचो आणि ती "काय? काय?" करायची. आज तिनं मशीन लावलेलं, माझे कान बंद. तिचं प्रत्येक वाक्य मी दोनदा विचारत होतो. शेवटी म्हणाली, "का वरडतोयस? मशीन लावलंय मी." पलीकडच्या फुटपाथवर कुत्रं फिरवणारा माणूस थांबून बघत होता. मला हसू फुटलं, तेही मोठ्यानंच फुटलं असणार.

ऑफिसात कुणी वरडतं का, हे तिनं विचारलं नाही.

आत्ता तिची व्हॉइस नोट आली. फोन उजव्या कानाला लावून ऐकली. मागं नळाचं पाणी, भांडी. "झोप आता. आन कानात तेलबिल घालू नगंस, दोन दिसांत जातंय आपसूक."

कानाचं मी अवाक्षर काढलं नव्हतं.