पासंग

सांगलीच्या मंडईत मी ज्या मावशींकडनं भाजी घेतो त्यांच्याकडं अजून हातात धरायचा तराजू आहे. आजूबाजूला सगळ्यांचे इलेक्ट्रॉनिक काटे आले, मावशींचं आपलं तेच, आणि एका पारड्याच्या दोरीला चिंधीत बांधलेला छोटा दगड. परवा न राहवून विचारलं, मावशी, हा दगड कशाला? म्हणजे तुम्ही मापात मारता काय असंच झालं ते, बोलल्यावर कळलं. पण त्या चिडल्या नाहीत. "पासंग हाय त्यो. पारडं हलकं हाय, म्हनून बांधलाय," म्हणाल्या, आणि वांगी आणि अर्ध्या किलोचं वजन उचलून पारडी बदलली, वांग्यांच्या जागी वजन, वजनाच्या जागी वांगी. काटा मधोमध. "बगा, फिरवून बी तेवढंच."

घरी येईपर्यंत डोक्यात तेच. चांगलं-वाईट हे आपल्याबाहेर कुठंतरी पक्कं असतं, का ज्याचं त्याचं? आमच्या वरच्या मजल्यावर जैन कुटुंब आहे, कांदा-लसूण नाही, दिवस मावळायच्या आत जेवण, आणि खाली आमच्याकडं रात्री साडेनवाला तव्यावर सुकट. त्यांचं पाप ते आमचं जेवण. मग ज्याचं त्याचंच की, कॉलेजात असताना मी हेच म्हणायचो आणि लय हुशार वाटायचं. पण दूधवाल्यानं पाणी घातलं की दोन्ही मजल्यांवरनं शिव्या सारख्याच पडतात, त्याचं काय करायचं?

१९५८ ला मेट्रिक वजनं यायला लागली, त्याआधी शेर होता आणि तोही सगळीकडं सारखा नाही. माणसांनीच ठरवलेला. पण म्हणून शेरात मारणाऱ्याला कुणी सोडलं असेल असं वाटत नाही. किलोचं तरी वेगळं काय, १८८९ पासून पॅरिसजवळ तिजोरीत ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा म्हणजे किलो, तो झिजला तरी चूक जगाची, कारण किलो म्हणजे तोच! २०१९ ला त्याला रिटायर केला आणि किलो प्लांकच्या स्थिरांकाला, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्याला बांधला. नीतीचं असं कशाला बांधता येईल का, मला तरी जमेना. देवानं सांगितलं म्हणून चांगलं म्हणावं तर परत तिजोरीतला ठोकळाच, तो म्हणेल तेच बरोबर.

मग हे चांगलं-वाईट कळणं येतं कुठनं? २००३ सालचा माकडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. माकडानं माणसाला खडा दिला की काकडीचा तुकडा मिळायचा, माकडं खूश. शेजारच्याला त्याच खड्याला द्राक्ष मिळतंय दिसल्यावर मात्र बरीच माकडं काकडी घेईनात. (द्राक्षांच्या तासगावच्या इतक्या जवळ राहून मला हा राग समजतो.) म्हणजे हलक्या पारड्यात बसल्यावर माकडालाही कळतं. जड पारड्यात बसल्यावर कळणं, तिथं सगळी गोची आहे.

गेल्या महिन्यात मी जुनी बाईक विकली. घेणारा पोरगा साधा, चक्कर मारून आला, भाव केला, पैसे दिले. क्लच प्लेट गेल्यात हे मी बोललो नाही. त्यानं विचारलं नव्हतं, जुनी गाडी बघून घ्यायची असते, सगळे असंच विकतात, असे दोन-तीन दगड मी तेव्हाच बांधून ठेवले होते.

त्याचा नंबर अजून मोबाईलमध्ये आहे, 'बाईक गिऱ्हाईक' म्हणून सेव्ह केलेला. काल रात्री दोनदा काढला. क्लच प्लेटा बसवायला किती घेतात ते आधी मेकॅनिकला विचारतो म्हटलं.