कोतवालाचं कार्ड पुन्हा फाडलं

पक्ष्यांची मराठी नावं कुठून आली त्याची कार्डं करतोय मी, एका पक्ष्याला एक. मागच्या वेळी इथेच मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं ना, की कोतवाल (तारेवर बसणारा, दुभंगलेल्या शेपटीचा तो काळा पक्षी) संपला, आता भारद्वाज घेतो? फाडलं ते कार्ड. चौथ्यांदा. आणि याला कारण पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एक साळुंकी.

शब्दाचं काम सोपं होतं. कोट म्हणजे किल्ला, तो सांभाळणारा कोट्टपाल, फारसीत गेला आणि कोतवाल झाला, ११व्या शतकात गझनीचा इतिहास लिहिणाऱ्या बैहाकीकडे भेटतो, मग आईन-ए-अकबरीत त्याच्या कामांची लांबलचक यादी, मग आपला घाशीराम, ज्याला पुणेकरांनी १७९१ मध्ये दगडांनी ठेचून मारलं. आणि गावाकडे तलाठ्याच्या हाताखालचा, दवंडी देणारा. (कोशाचं म्हणाल तर दाते-कर्वे छापीलच बरा, ऑनलाइन शोधताना एक वेलांटी चुकली की बसा बोंबलत.)

अडलं ते पक्ष्यापाशी. याला कोतवाल का म्हणायचं? माझं म्हणणं, कावळा असो की घार, घरट्याजवळ आली की हा मागे लागून हाकलतो, आणि त्या आसऱ्याला हळद्या, होले त्याच झाडावर घरटी करतात. टेकडीवरचे आमचे काका म्हणाले, अरे हाकलायचं काय घेऊन बसलास, हा पहाटेची गस्त घालतो म्हणून कोतवाल. मग काय, चार दिवस पावणेपाचला पाषाण तलावावर. खरंच, मिट्ट काळोखात पहिला आवाज याचाच! तिसऱ्या दिवशी शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) ओरडला म्हणून मान वर केली तर तारेवर हाच, नक्कल करत बसलेला. जाम खूश होऊन दोन्ही कारणं कार्डावर लिहिली.

आणि रविवारी ती साळुंकी. गवतातून मस्त अळी उपसली तिने, तर हा वरून सुसाट आला, ती दचकली, अळी पडली, याने उचलली आणि परत तारेवर जाऊन साळसूदासारखा बसला. हप्ताच की हो! दुसऱ्यांचं भक्ष्य पळवायची याची खोड पुस्तकांत आहे, पण समोर बघितल्यावर डोक्यात पहिला घाशीरामच आला. आता नाव कौतुकाने ठेवलं की टोमण्याने? तिसरं कारण पेन्सिलने लिहिलंय. पेनने लिहायची सोयच नाही, अप्पा बळवंत चौकातून आणलेली नवी कार्डं इतकी पातळ की शाई मागे फुटते. शंभर घेऊन बसलोय.

इंग्रजी नावाचं थोडक्यात, ड्राँगो मूळ मादागास्करच्या भाषेतला. ऑस्ट्रेलियात ड्राँगो म्हणजे बावळट, कारण पक्ष्यावरून नाव ठेवलेला रेसचा एक घोडा १९२०च्या दशकात एकदाही जिंकला नाही. बिचारा पक्षी.

पुढे भारद्वाजच घेणार होतो, पण हे टाइप करता करता सुचलं, सुतार, तांबट, शिंपी, परीट, कुंभारकावळा आणि वर हा कोतवाल, म्हणजे अख्खा गावगाडाच झाडावर बसलाय की! अकारविल्हे लावलेला कार्डांचा खोका उद्या पूर्ण मोडतो आणि धंद्याप्रमाणे लावतो. भारद्वाज तोवर थांबेल. न्हावी कोण ते कोणाला माहीत असेल तर सांगा, तेवढी एक जागा रिकामी आहे.