बामणघळ, अखेर भरतीच्या वेळी!

आज कोकणातल्या हेदवीची बामणघळ, म्हणजे समुद्रकाठच्या खडकातली अरुंद घळ, एकदाची भरतीत गाठली. याआधी दोनदा गेलो तो ओहोटीत, नुसती खडकातली चीर बघून परतलो. या वेळी जिथे उतरलो होतो त्या काकूंनी रात्रीच विचारलं, "उद्या तिथी कोणती?" द्वादशी. "मग बाराचे पाऊणपट नऊ. नऊच्या सुमारास भरती. आधीच पोचा." किनाऱ्यावरचा जुना हिशोब, बरोब्बर लागू पडला!

पाणी घळीत सरसरत शिरतं, क्षणभर काहीच नाही, मग खडकाच्या पोटात धप्प आवाज आणि पांढराशुभ्र फवारा थेट डोक्याच्या वर. ओठांवर मीठ आलं. तासभर तिथून हललोच नाही. पण कडेला अजिबात जाऊ नका, शेवाळ फार निसरडं आहे. पावसाळ्यात तर नकोच.

दशभुज गणपतीचं दर्शन जवळच. निवांत चालायला वेळणेश्वर, अर्धचंद्रासारखा किनारा आणि मागे माडांची रांग. जेवण मात्र घरगुतीच घ्या, आदल्या दिवशी सांगून. आज पानात कुळथाची पिठी, गरम भात, फणसाची भाजी आणि सोलकढी होती. पिठी तीनदा मागून घेतली.

पौर्णिमेला आईला घेऊन जातोय.