लॉगिन होतं, पण फाइल जात नाही

दिवाळी अंकाची पानं लावणं हे माझं काम. ऑफिस गिरगावात, छपाई लोअर परळच्या एका प्रेसमध्ये. जाहिरातींसकट छपाईची पीडीएफ काहीशे एमबींची होते आणि जीमेल २५ एमबीच्या पुढे जाऊ देत नाही. म्हणून प्रेसने आपल्या सर्व्हरचा एफटीपी (नेटवरून फाइल पाठवायची जुनी पद्धत) पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड पाठवला. फाइलझिला या फाइल पाठवायच्या प्रोग्रॅममध्ये ते भरलं, लॉगिन झालं, आणि फोल्डरची यादी यायच्या जागी गाडी अडकली. थोड्या वेळाने टाइमआउट. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

ऑफिसात प्रत्येकाचं निदान वेगळं. नेट स्लो आहे, पासवर्ड चुकलाय, फाइल जड आहे. पण अजून यादीच येत नव्हती, तर फाइल जड असण्याचा संबंधच कुठे? मी ठरवलं, अंदाज पुरे, खालच्या थरापासून एकेक थर तपासत वर जायचं. पुस्तकांत नेटवर्कच्या कामाचे ओएसआय आराखड्यातले सात थर शिकवतात, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९८४ साली प्रमाण ठरवलेले. इंटरनेट प्रत्यक्षात टीसीपी/आयपीच्या चार थरांवर चालतं आणि बिघाड शोधायला मला तेवढे पुरतात.

तळाला लिंक, म्हणजे केबल आणि वायफाय. बाकी साइट उघडत होत्या, तिथे थांबले नाही. त्यावर आयपी, म्हणजे पत्त्यावरून मशीन गाठणारा थर: पिंग केलं, म्हणजे सर्व्हरला नुसती हाक मारली, उत्तर आलं. त्यावर टीसीपी, म्हणजे दोन मशीनमध्ये कनेक्शन जोडणारा थर: सर्व्हरचा २१ नंबरचा पोर्ट, म्हणजे एफटीपीचं दार, कनेक्शन घेत होता. उरला सगळ्यात वरचा थर, खुद्द एफटीपी. फाइलझिलाच्या खिडकीत वरती त्याचा सगळा संवाद दिसतो, तो बहुतेक लोक वाचतच नाहीत. २२०, सर्व्हर तयार. ३३१, पासवर्ड द्या. २३०, लॉगिन झालं. पासवर्डचा वाद तिथेच मिटला. मग आपल्याकडून ‘पीएएसव्ही’ (पॅसिव्ह मोड मागणारा हुकूम) आणि सर्व्हरकडून २२७, पुढे कंसात सहा आकडे: १९२,१६८,१,१०,१९५,८०.

घोळ या सहा आकड्यांत होता. एफटीपी दोन वेगळी कनेक्शन वापरतं: २१ वर फक्त हुकूम आणि उत्तरं, फाइल किंवा फोल्डरची यादी दुसऱ्याच कनेक्शनवरून. पॅसिव्ह मोडमध्ये त्या दुसऱ्या कनेक्शनचा पत्ता सर्व्हर सांगतो. पहिले चार आकडे आयपी, शेवटच्या दोनांतून पोर्ट: १९५ गुणिले २५६, अधिक ८०, म्हणजे ५००००. आणि १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता प्रेसच्या आतल्या नेटवर्कपुरता. गिरगावातून तिथे पोचायला वाटच नाही. खालच्या थराचा पत्ता वरच्या थराच्या मजकुरात लिहिलेला, त्यामुळे राउटरने पाकिटावरचा पत्ता बदलला तरी आतला तसाच राहिला. यात एफटीपी लिहिणाऱ्यांना दोष देता येत नाही. पहिला आराखडा अभय भूषण यांनी एमआयटीत एप्रिल १९७१ मध्ये लिहिला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले, याचा मला फार अभिमान वाटतो. खासगी पत्ते राउटरमागे ठेवायची पद्धत आली नव्वदच्या दशकात.

फाइलझिला असा पत्ता ओळखून त्याजागी सर्व्हरचा बाहेरचा पत्ता वापरतं. तेही झालं होतं, लॉगमध्ये तशी ओळ होती. तरी अडत होतं, म्हणजे ५०००० चा पोर्ट प्रेसच्या राउटरवर बंद. प्रेसमध्ये फोन लावला.

“दादा, २१ चालू आहे, पण पॅसिव्हचे पोर्ट बाहेरून बंद आहेत.”

“मग फायरवॉलच काढून टाकू का, ताई?”

“नको हो! सर्व्हरमध्ये पॅसिव्हची रेंज ५०००० ते ५०१०० ठेवा, बाहेरचा आयपी भरा, आणि राउटरवर तेवढेच पोर्ट त्या मशीनकडे फॉरवर्ड करा.”

त्यांनी नीट लिहून घेतलं आणि संध्याकाळच्या आत करून दिलं. यादी आली, पीडीएफ चढली, शेवटी २२६, ट्रान्सफर पूर्ण. तरी दोन्हीकडे एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरातून काढलेला तिचा ठसा, काढून आम्ही फोनवर पहिले आणि शेवटचे काही आकडे जुळवले. प्लेट निघाल्यावर फाइल खराब निघाली तर कुणालाच परवडत नाही.

एक गोष्ट मात्र मला सलतेच: साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो. म्हणून प्रेसशी बोलून पुढच्या अंकासाठी एसएफटीपी ठरवलंय. नाव सारखं असलं तरी तो वेगळा प्रोटोकॉल, एसएसएच या सुरक्षित जोडणीवर चालणारा. सगळं एनक्रिप्ट होऊन २२ नंबरच्या एकाच कनेक्शनवरून जातं, त्यामुळे राउटरवर तेवढा एकच पोर्ट उघडावा लागेल.