मक्याच्या ताटांवर वाल

वालाला मांडव घालायचा म्हणजे बांबू, तार, सुतळी आणि दोन माणसांचा एक दिवस. घरामागच्या अर्ध्या गुंठ्यासाठी एवढं जमणार नव्हतं, म्हणून वाल मक्यावरच चढवायचं ठरवलं.

पहिल्या वर्षी पाऊस पडताच मका आणि वाल एकाच दिवशी, एकाच खड्ड्यात टोकले. मकाही स्वीट कॉर्न, नाजूक ताटांचा. तो सावरायच्या आत वेलांनी त्याला वेढलं, आणि ऑगस्टच्या वाऱ्यापावसात निम्मा वाफा आडवा झाला. फार वाईट वाटलं.

पुढच्या जूनमध्ये उंच, जाड ताटांचा गावरान मका घेतला. दोन ओळींत दोन फूट, दोन रोपांत फूटभर अंतर. शेजारच्या काकूंनी बजावलं होतं, "मका गुडघ्याला लागल्याशिवाय वालाला हात लावू नकोस." पंचविसाव्या दिवशी मक्याला खत घालून मातीची भर दिली आणि मगच बुंध्यापासून वीतभर लांब वाल टोकला, एका ताटाला एकच वेल. वाल मक्याला नत्र पुरवतो म्हणून खत नको, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. त्याच्या मुळांवरच्या गाठींमधलं नत्र त्या हंगामात बहुतेक वालच वापरतो. जमिनीला ते मिळतं नंतर, मुळं आणि पाला कुजल्यावर.

सप्टेंबरअखेर कणसं खुडली, तरी वालाला फूल नाही. नुसता पाला! मी घाबरले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, थंडीची चाहूल तर लागू दे." गावरान वाल दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलतच नाही, म्हणजे मका संपला तरी ताटांना आणखी तीन महिने उभं राहायचं होतं. ती कापली नाहीत. चार-चार ताटांचे शेंडे एकत्र ओढून सुतळीने बांधले, तंबू ठोकल्यासारखे. वाळलेल्या ताटांनी वेलांचा सगळा भार पेलला.

नोव्हेंबरात जांभळे तुरे आले. डिसेंबरच्या ढगाळ हवेत त्यांवर मावा पडला. पाच टक्के निंबोळी अर्क आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारला. मावा खाणारे ढालकिडे दिसले त्या वेलांना मात्र हात लावला नाही.

संक्रांतीच्या भोगीच्या भाजीत घरचा वाल पडला. बियाण्यापुरत्या शेंगा वेलावरच वाळू दिल्या, मग वेल जमिनीलगत कापले. मुळं तशीच ठेवून त्या जागी मेथी पेरली आहे.