सांक्ट मेर्गनच्या रानातली कामाची घोडी

जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या टिटिसे तलावावर आम्हीही गेलो. काठावर इतकी गर्दी होती की बाकडं मिळेपर्यंत आबांना उभंच राहावं लागलं. आजूबाजूला कुकू घड्याळांची दुकानं, केक, पुन्हा दुकानं. त्या दिवसाबद्दल याहून जास्त लिहावंसं वाटत नाही. लिहायचंय ते त्याच डोंगरातल्या एका घोडीबद्दल. ब्लॅक फॉरेस्टच्या प्रत्येक माहितीपत्रकावर तिच्या श्वार्त्सवेल्डर जातीचा फोटो असतो, पण ती काम काय करते हे मला एकाही पत्रकात सापडलं नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, जूनमध्ये साताऱ्याहून माझ्याकडे स्टुटगार्टला आले होते. शहर बघून ते दोन दिवसांत कंटाळले. म्हणून फ्रायबुर्ग गाठलं, तिथून लोकलने किर्शत्सार्टन आणि पुढे बसने सांक्ट मेर्गन. गाव सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. बस वळणं घेत चढते आणि दोन्ही बाजूंना उतारावरची कुरणं दिसत राहतात. त्यांच्या वर काळंभोर रान.

उतरलो होतो एका जुन्या शेतकरी घरात. छप्पर जवळपास जमिनीला टेकलेलं, जिने उभे, आबांच्या गुडघ्यांना अजिबात न मानवणारे. तरी तलावाकाठच्या कुठल्याही हॉटेलपेक्षा मी हेच घर निवडीन. आबा मांस खात नाहीत हे कळल्यावर घरमालकीणबाईंनी काही न विचारता परतलेले बटाटे आणि चिरलेली पात घातलेला ताजा चक्का समोर ठेवला. बिबेलेसकेस म्हणतात त्याला. आबांनी दोनदा घेतला.

त्या घराच्या ओसरीत एक फोटो होता. गावात दर तीन वर्षांनी सप्टेंबरात घोड्यांचा उत्सव भरतो, रॉसफेस्ट, त्यातला. गडद तांबूस अंग आणि त्यावर जवळजवळ पांढरी आयाळ. मी आयाळ बघत होते. आबांनी विचारलं, "पण ही काम काय करती?"

मी प्रश्न जर्मनमध्ये सांगितला. बाई म्हणाल्या, माझा चुलतभाऊ उद्या रानात आहे, जाऊन बघा.

सकाळी गेलो. उतार असा की मला झाडांना धरत चढावं लागलं. तिथल्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडांना साल पोखरणारा भुंगा लागला होता. उन्हाळ्यात अशी झाडं पटकन तोडून रानाबाहेर काढावी लागतात, नाहीतर भुंगा शेजारच्या झाडांवर जातो. झाडं आदल्या दिवशी पाडून, फांद्या छाटून पाच-पाच मीटरचे ओंडके करून ठेवले होते. घोडी उभी होती, पोटापर्यंत चिखल, कानांवर माश्यांसाठी विणलेली टोपी, आयाळ गाठ मारून वर बांधलेली. खांद्यापर्यंत जेमतेम दीड मीटर उंच. वजन मात्र सहाशे किलोच्या आसपास. गळ्यात जाड गादी लावलेलं कडं, मागे आडवी लाकडी दांडी आणि दांडीला साखळी.

माणसाने साखळी ओंडक्याला आवळली आणि तोंडाने बारीक आवाज केला. घोडीने आधी मान खाली घातली, कडं खांद्यावर नीट बसू दिलं, आणि मग अंगाचा भार पुढे टाकला. हिसका नाही. ओंडका हलला आणि ती उतारावर तिरकी चालू लागली. माणूस तिच्या बाजूने, ओंडक्याच्या कधीच पुढे नाही. "होट्ट" म्हटलं की उजवीकडे. वाटेत बीच जातीच्या एका कोवळ्या झाडापाशी ओंडका घासणार असं मला वाटलं, तेवढ्यात ती अर्धं पाऊल बाहेर सरकली आणि टोक झाडाच्या बाजूने निघून गेलं.

मग ओंडका एका खुंटामागे अडकला. साखळी ताणली गेल्याबरोबर घोडी थांबली. कोणी काही बोललं नव्हतं. तिने जोर केला नाही, पाय झाडले नाहीत. साखळी सैल पडेल इतकी मागे आली आणि उभी राहिली. माणसाने आकड्याने ओंडका फिरवला, एक शब्द उच्चारला, आणि तिने या वेळी भार जरा डावीकडे घेतला. ओंडका सुटला. आबा माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, "शिकवून येत न्हाई हे. रोज जुंपून येतं."

घोडी इथे जुनी रीत सांभाळायला ठेवली आहे, असा कोणाचा समज असेल तर तो काढून टाकावा. झाडं तोडणारी यंत्रं पंधरा-वीस टनांची असतात. त्यांना रानात आखून दिलेल्या पट्ट्यांवरूनच चालू देतात, कारण जमीन पहिल्या काही फेऱ्यांतच दबते, मातीतली हवा-पाण्याची छिद्रं मिटतात आणि ती पुन्हा मोकळी व्हायला कित्येक दशकं जातात. दोन पट्ट्यांमध्ये चाळीस मीटर अंतर असेल आणि यंत्राचा हात दहा मीटर पोचत असेल, तर मधली वीस मीटर रुंदीची पट्टी उरते. तिथलं लाकूड घोडी यंत्राचा हात पोचेल तिथपर्यंत आणून देते, पुढे यंत्र उचलतं. दोघं एकाच रानात कामाला असतात. घोडी गेलेल्या वाटेवर मी मुद्दाम चालून पाहिलं. पालापाचोळा सरकला होता, काही ठिकाणी शेवाळ खरवडलं होतं, बाकी पाऊल मऊच रुतत होतं.

दुपारी काम थांबल्यावर आबा थेट घोडीपाशी गेले आणि मला म्हणाले, "त्यास्नी सांग, खांदा बघू दे." मी सांगण्याआधीच त्या माणसाने कडं काढलं. आबांनी तळव्याने तिचा खांदा चाचपला, केस उलटे करून बघितले. कुठे सूज नाही, केस गेलेले नाहीत. आमच्याकडे बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतात, हळद-तेल चोळून, हे आबांनी हातांनीच करून दाखवलं. त्या माणसाने कड्याची गादी उलटी केली आणि शिवण दाखवली. घोडीचं अंग हंगामात कमी-जास्त होतं, तशी गादी पुन्हा भरून घ्यावी लागते, एवढंच मी भाषांतर केलं. पुढचं बोलणं दोघांनी माझ्याशिवाय केलं.

डबा खाताना इतिहास निघाला. याच गावात १८९६ मध्ये शेतकऱ्यांनी या जातीसाठी पैदाससंघ काढला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारला वाटलं घोडे मोठे हवेत, म्हणून भारी बेल्जियन वळूच, म्हणजे पैदाशीचे नर घोडे, वापरण्याची सक्ती आली. इथल्या उतारांवर तसा अवजड घोडा काय कामाचा? शेतकरी आपल्याच छोट्या वळूकडे घोड्या नेत आणि कागदावर बाप म्हणून बेल्जियन लिहीत. हे सांगताना त्या माणसाचा चेहरा उजळला होता, आणि मलाही त्या खोट्या नोंदी करणाऱ्यांबद्दल मनापासून आदर वाटला. ज्याला उतारावर नांगर धरायचाय त्यालाच कळतं घोडा केवढा हवा.

सक्तीतून जात वाचली ती ट्रॅक्टरपुढे हरली. १९८१ मध्ये पैदाशीच्या जेमतेम १६० घोड्या उरल्या होत्या. मारबाखच्या सरकारी अश्वशाळेने वळू सांभाळले, रक्त फार जवळचं होऊ नये म्हणून ऑस्ट्रियाच्या नोरिकर आणि स्वित्झर्लंडच्या फ्रायबर्गर जातीचे थोडे वळू आणले, आणि जात सावरली. आज बहुतेक घोडे बग्गीला किंवा रपेटीला असतात. त्यात वाईट काही नाही. पण अडकलेली साखळी ओळखून थांबणारी घोडी बग्गीला जुंपून तयार होणार नाही, आणि रानातलं काम संपलं तर उरेल ती फक्त आयाळ. पर्यटन खात्यांनी त्या आयाळीवर जेवढा खर्च केलाय त्याचा थोडा भाग या रानातल्या मजुरीकडे वळवावा असं मला वाटतं.

मजुरीचा हिशोब आबांनीच विचारला. काम नसेल त्या दिवशी काय? तो म्हणाला, यंत्र बंद केलं की डिझेल लागत नाही, ही रविवारीही खाते. म्हणून तिचं लाकूड महाग पडतं, आणि मऊ जमिनीची किंमत समजणारा रानमालक असेल तरच बोलावणं येतं. आबा म्हणाले, "आमची शेवटची जोडी याच हिशोबापायी इकली." मी ते जर्मनमध्ये सांगितलं. तो माणूस म्हणाला, त्याच्या आजोबांनीही विकली होती. ही घोडी त्याने स्वतः पुन्हा घेतली आहे.

पुढच्या आठवड्यात आबांच्या हट्टाखातर मारबाखला वळू बघायला गेलो. तबेले लखलखीत, माणसं मदत करणारी, गर्दी बेताची. आबांनी तिथेही पहिल्यांदा विचारलं की यांना जुंपतात का.